एकच वस्ती शिकण्यापुरते डोळे

मी क्रेन चालवते. साठ मीटर उंचीवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून दोन दांडे हलवते आणि खालची सळई, विटा, काँक्रीटच्या बादल्या वर घेते. बाई क्रेन चालवते म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग विचारतात, भीती नाही वाटत? वाटते. खाली उतरल्यावर वाटते.

कंपनीनं मला तीन वर्षांच्या कामावर या शहरात पाठवलं. महिनाभर वसतिगृहात खोली दिली आणि तेवढ्यात तुमची तुम्ही जागा बघा म्हणून सांगितलं. ऑफिसातल्या बाईनं माझ्या हातात एक छापील कागद ठेवला. नव्यानं येणाऱ्यांसाठी राहण्याजोगी उपनगरं. प्रत्येकापुढे चांदण्या छापलेल्या. हिरवाईला चार चांदण्या, शांततेला पाच, गाडी लावायच्या सोयीला पाच.

"एकट्याच राहणार ना?" तिनं विचारलं.

"आई येणार आहे."

"मग शांत बघा काहीतरी. म्हातारी माणसं आहेत."

कागद लिहिणाऱ्यानं सगळं मोजलं होतं. म्हातारी बाई एकटी घराबाहेर पडून एकटी परत येऊ शकते का, एवढं मात्र मोजलं नव्हतं. आणि मला तेवढंच हवं होतं.

माझ्या आईनं एकतीस वर्षं टपाल वाटलं. खांद्यावर पिशवी, पायात जाड तळाचे बूट, आणि गल्लीबोळ पाठ. तिला माणसांची नावं आठवायची नाहीत, पण फाटकं आठवायची. "ती करकरणाऱ्या फाटकाची मास्तरीण," असं सांगायची. बाप गेला तेव्हाही ती चौथ्या दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडली. लोकांनी तोंडं वाकडी केली. तिनं त्याच लोकांच्या दारात त्यांची पत्रं नेऊन टाकली.

आता तिच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. कागदाची सुरळी डोळ्याला लावून बघावं, तेवढंच तिला दिसतं. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, पायाखालचं तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं हळूहळू जाईल. किती हळू? वर्ष म्हणा, दीड वर्ष म्हणा.

आईनं ऐकून घेतलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर आल्यावर मला म्हणाली, "म्हणजे एक वस्ती शिकण्यापुरते डोळे उरलेत. जोवर सुरळीतून दिसतंय तोवर रस्ते पायांना शिकवून ठेवते. एकदा पायांना कळलं की डोळे गेले तर जाऊ देत. पण पोरी, एकच वस्ती. चुकीची निघाली तर दुसरी शिकायला डोळे कुठून आणू?"

दादाचं म्हणणं निराळं होतं. दादा माझा थोरला भाऊ, सहा तासांच्या अंतरावरच्या गावात राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. त्याचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि घरासमोर सहा पदरी रस्ता. "आई माझ्याकडे येईल. एक खोली तिची. टीव्ही, पंखा, सगळं. वहिनी बघेल. कुठे जायचं असलं तर मी हात धरून नेईन."

"तू शाळेतून कधी येतोस?"

"पाच वाजता."

"म्हणजे पाचपर्यंत तिनं खिडकीत बसायचं."

"अगं, पडली म्हणजे? पडून मोडलीबिडली म्हणजे तू क्रेननं उचलणार आहेस का तिला?"

दादा वाईट नाही. त्याला खरंच धास्ती वाटते. पण त्याच्या प्रेमाला कुलूप आहे आणि किल्ली त्याच्या खिशात आहे. शेवटी ठरलं असं, की मी महिन्याभरात आईला एकटीनं हिंडता येईल अशी जागा शोधायची. शेवटच्या शनिवारी तो आईला गाडीत घालून आणेल. तिला जागा जमली तर ती राहील, नाही तर रविवारी संध्याकाळी त्याच्याबरोबर परत, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. मी हो म्हटलं. माझी खात्री होती. मला तर सगळं शहर बसल्याजागी दिसत होतं!

हीच माझी चूक. ती माझ्याच धंद्यातलं माणूस करू जाणे.

केबिनमधून चारही दिशांची उपनगरं ताटात वाढल्यासारखी दिसतात. काँक्रीटची गाडी यायला उशीर झाला की मी तो चांदण्यांचा कागद मांडीवर घ्यायची आणि काचेतून बघायची. पूर्वेला तळ्याकाठची वसाहत. गोल वळणांचे रस्ते, दोन्हीकडे झाडं, एकसारखी पांढरी घरं. हिरवाई पाच, शांतता पाच. पश्चिमेला बस डेपो आणि त्याच्या मागची वस्ती. वरून बघितलं तर पत्र्याचं सामान कुणी पोत्यातून ओतून दिल्यासारखी. कागदावर तिचं नावसुद्धा नव्हतं.

त्या वस्तीत भोंग्या राहायचा. भोंग्या म्हणजे माझा खालचा माणूस. क्रेनवाल्याला पुष्कळदा माल दिसतच नाही. इमारतीच्या पलीकडे उतरवायचा असतो, मध्ये भिंत असते. अशा वेळी जमिनीवर एक माणूस उभा असतो आणि वॉकीटॉकीवर बोलत राहतो. डावीकडे, अजून, अजून, हळू, खाली, खाली. मी त्याच्या आवाजावर दोन टनांचा भार न बघता टेकवते. या कामाचा नियम एकच आहे. बोलणारा बोलत राहिला पाहिजे. आवाज थांबला की हात थांबवायचा. मग तो शिंकला म्हणून थांबला असो, की मेला म्हणून.

भोंग्याचा आवाज वॉकीशिवायसुद्धा वर यायचा, म्हणून भोंग्या. पन्नाशीचा गडी, पुढचे दोन दात गायब.

"वरच्या बाई, घर सापडलं का?" त्यानं वॉकीवर विचारलं.

"तळ्याकाठी बघतेय. इथून झकास दिसतं."

"वरून सगळं झकासच दिसतं हो. वरून मी पण देखणा दिसत असेन."

"टक्कल दिसतं तुझं."

"आमच्याकडे या की. माझ्या शेजारची तळमजल्याची जागा रिकामी आहे."

"डेपोच्या आवाजात आई झोपेल का?"

तो म्हणाला, "बरोबर आहे. आम्हाला काय, आम्ही बहिरेच." त्यानंतर दिवसभर त्यानं कामापुरतंच तोंड उघडलं. मला समजलं, लागलं त्याला. पण चांदण्यांचा कागद डोक्यात बसला होता. आयुष्यभर पत्र्याखाली राहिलेली मी, जरा उंचावर जाऊन बसले आणि खालच्या पत्र्याला नाक मुरडायला लागले. ही गोष्ट लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहून टाकते.

तळ्याकाठच्या एजंटनं तिसऱ्या मजल्यावरचं घर दाखवलं. गुळगुळीत बोलणारा माणूस. "इथं आवाज म्हणून नाही, मॅडम. पान पडलं तर ऐकू येईल. रस्ते बघा, कुठे पायरी नाही, चढ नाही, फूटपाथ आणि रस्ता एका पातळीत. म्हाताऱ्यांसाठी तर स्वर्ग."

पायरी नाही, चढ नाही, धडपडायला काही नाही. मी खूश. सोमवारी सही करते म्हणून सांगून आले.

शनिवारी दादा आईला घेऊन आला. आईनं पांढरी साडी नेसली होती आणि पायात तेच जाड तळाचे बूट. दादानं तिच्यासाठी घडीची पांढरी काठी आणली होती. ती तिच्या पिशवीतच होती.

"काठी काढ की आई," दादा म्हणाला.

"काठी काढली की लोक माझ्याशी बोलत नाहीत, तुझ्याशी बोलतात. असू दे पिशवीत."

एजंटनं किल्ली दिली. मी आधीच बेत करून ठेवला होता. साइटवरून दोन वॉकी आणले होते. एक आईच्या हातात दिला. ती खाली फाटकाशी उभी राहणार, मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून बघणार आणि आवाजानं तिला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेऊन परत आणणार. दोन-चार दिवस असं केलं की तिला रस्ता पाठ होईल. दोन टन सळई टेकवणाऱ्या बाईला आई टेकवता येणार नाही होय?

"बोल," आई वॉकीत म्हणाली. तिचा आवाज जरा मिस्कील होता.

"सरळ. सरळ चाल. थोडी डावीकडे. हळू. आता उजवीकडे, अजून, अजून. बस्स. सरळ."

दादा माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभा होता. आई झपझप चालली होती. मला वाटलं, जिंकले. मग ती झाडांखाली गेली.

वरून झाडं फार सुंदर दिसतात. खालून जाणारं माणूस ती गिळतात, हे मला ठाऊक नव्हतं. साइटवर झाडं नसतात. पांढरी साडी एकदा दिसली, मग दिसेना. "आई, कुठे आहेस?"

"मला काय विचारतेस? बघणारी तू."

"बाजूला काय आहे?"

"काही नाही. गवत आहे का रस्ता आहे तेही कळत नाही. सगळं एकाच पातळीत आहे. आवाज कुठूनच येत नाही. पोरी, इथं माणसं राहतात ना?"

"जागची हलू नकोस, मी येते."

माझ्या आधी दादा जिन्यावरून धावत सुटला. खाली त्या गोल रस्त्यांनी आम्हा डोळसांनाही फिरवलं. हे पांढरं घर मघाशी बघितलं का आत्ता, समजेना. तीन वळणं घेतली आणि पुन्हा आमच्याच फाटकाशी आलो. अर्ध्या तासानं आई सापडली ती पहारेकऱ्याच्या चौकीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. कुणाच्या तरी अंगणातल्या गवतात उभी होती, घरच्यांनी पहारेकऱ्याला बोलावलं होतं. तो तिच्या डोक्यावरून दादाला म्हणाला, "तुमच्या आहेत का? असं एकटं सोडत जाऊ नका हो."

आई उठली. वॉकी माझ्या हातात ठेवला. "एकतीस वर्षं पत्ता न सापडलेली पाकिटं मी परत नेऊन दिली," ती म्हणाली. "आज मीच परत आले."

गाडीत बसून वसतिगृहावर परतलो. खोलीत आल्यावर मी म्हटलं, "आई, मी अजून नीट सांगायला हवं होतं, झाडं आली म्हणून, नाहीतर..."

"गप बस," आई म्हणाली. तिला ओरडायची सवय नाही, ती आवाज खाली आणते. "मी काय माल आहे का, हुकाला अडकवून खाली सोडायला? तू रोज साठ मीटरवर जाऊन बसणार. माझ्या कानात कोण बोलणार? तुझ्या दादानं मला खोलीत ठेवायचं ठरवलंय, तू दोरीला बांधायचं. फरक काय?"



दादा हळूच म्हणाला, "मी सांगत होतो. आई, तुला मी फुलासारखी ठेवीन."

"फूल कुंडीत ठेव. मला ठेवू नकोस."

"मग काय करायचं?" दादाचा आवाज चढला. "आज नशीब म्हणून गवतात गेलीस. रस्त्यात गेली असतीस तर? उद्या संध्याकाळी निघायचं आपण. ठरलंय तसं."

"ठरलंय तसंच," आई म्हणाली. "संध्याकाळी. म्हणजे दिवस माझा आहे." मग माझ्याकडे तोंड केलं. "पोरी, या शहरात सगळ्यात जास्त आवाजाची वस्ती कोणती?"

आवाज थांबला की हात थांबवायचा. पाच वर्षं मी या नियमावर पोट भरत होते, आणि आईसाठी पाच चांदण्यांची शांतता शोधून ठेवली होती. तिथं तिचा पाय थांबणारच होता. तिच्याशी बोलणारं तिथं काहीच नव्हतं.

मी भोंग्याला फोन लावला. "ती तळमजल्याची जागा आहे का अजून?"

"आहे की. का? देखण्या लोकांनी हाकललं काय?"

"हो," मी म्हटलं.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "उद्या नऊला या. चहा टाकतो."

रविवारी सकाळी डेपोमागच्या वस्तीत उतरलो तेव्हा आईनं पिशवी उघडली, काठी काढली, आणि खटाखट तिची घडी मोडली. दादानं आणि मी एकमेकांकडे बघितलं. "बघता काय?" ती म्हणाली. "लोक माझ्याशी बोलतील न बोलतील. आज मला रस्त्याशी बोलायचंय."

भोंग्या आणि त्याची बायको दारात उभे होते. आईनं नमस्कार-चमत्कार दोन शब्दांत उरकले आणि टपालवाली सुरू झाली.

"दारांवर नंबर आहेत?"

"आहेत, आजी. एका ओळीत," भोंग्या म्हणाला.

"गल्ल्या सरळ की वाकड्या?"

"फुटपट्टीसारख्या. पूर्वी डेपोच्या कामगारांच्या चाळी होत्या."

"कुत्री किती?"

"तीन. एक चावतं, पण फक्त माझ्या मेव्हण्याला," भोंग्याची बायको म्हणाली.

"शहाणं दिसतंय. भट्टी, दुकान, काही?"

"बेकरी आहे. डेपोच्या भिंतीला धरून गेलं की टोकाला."

आई काठी टेकत अंगणातून बाहेर आली आणि गल्लीच्या मध्यावर उभी राहिली. डोळे मिटून. आम्ही चौघं मागे. मीही डोळे मिटले. खरं सांगते, मी कधी वस्ती ऐकली नव्हती. डाव्या हाताला डेपोत बसला ब्रेक लागले की फुस्स करून वारा सुटत होता. समोर कुणीतरी पत्रा ठोकत होतं. उजवीकडे लॉन्ड्रीतलं मोठं यंत्र गरगरत होतं. मागे भोंग्याच्या घरातला रेडिओ. आणि या सगळ्यावर भाजक्या पावाचा वास, एकाच बाजूनं येणारा.

"हं," आई म्हणाली. एवढंच.

मग ती मला घेऊन चालली. म्हणजे मी मागे, ती पुढे. हात धरू दिला नाही. घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत बासष्ट पावलं. तिथं डेपोची भिंत. तिनं भिंतीला काठी लावली, मग डाव्या हाताचा तळवा. "ही कुठपर्यंत आहे?" "बेकरीपर्यंत." "मग हिचा हात धरते. तुम्हा दोघांपेक्षा बरी, बोलत नाही." गल्लीच्या तोंडाशी गटारावर लोखंडी झाकण होतं, एका बाजूनं उचललेलं. पाय पडला की खणकन वाजायचं. आईनं त्यावर तीनदा पाय आपटला.

"हे असंच वाजतं नेहमी?"

भोंग्या ओशाळला. "आठ वर्षं अर्ज करतोय आजी, दुरुस्त करून देत नाहीत मेले."

"खबरदार अर्ज केलास तर," आई म्हणाली. "परत येताना कुठे वळायचं, ते हे सांगणार मला."

तीन वेळा ती माझ्याबरोबर गेली-आली. बेकरीवाला भिंतीच्या टोकाला, डेपोच्या मोठ्या फाटकाच्या अलीकडे. त्या फाटकातून बस बाहेर पडायच्या. उलट्या टोकाला, आमची गल्ली सोडून आणखी पुढे गेलं, तर दुसरं फाटक. तिथून बस आत शिरायच्या. म्हणजे गल्ली चुकली की थेट बसच्या तोंडात. दादानं ते आल्या आल्या हेरलं होतं. "हे बघ," तो माझ्या कानात म्हणाला, "गवत तरी मऊ होतं."

दुपारी तीन वाजता आई म्हणाली, "आता मी एकटी. कुणी मागे यायचं नाही. तुम्ही सगळे गल्लीच्या तोंडाशी, पलीकडच्या ओट्यावर बसायचं. आणि तू," ती मला म्हणाली, "ते यंत्र बंद कर."

वॉकी माझ्या खांद्याला होता. सवयीनं आणला होता. बंद केला.

ती गेली. ओट्यावरून आम्हाला भिंत दोन्ही टोकांपर्यंत दिसत होती. आई भिंतीला तळवा घासत बेकरीपर्यंत गेली, आत गेली. भोंग्याची बायको काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. आई बाहेर आली. हातात कागदात गुंडाळलेला ब्रेड. आता भिंत उजव्या हाताला. ब्रेड काखेत, काठी डाव्या हातात, उजवा तळवा भिंतीवर.

त्याच वेळी एक टेम्पो आला. गाद्या लादलेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भिंतीपासून हातभर अंतर ठेवून उभा राहिला, आणि त्याचं मागचं चाक बरोबर त्या झाकणावर. ड्रायव्हर उतरून लॉन्ड्रीत शिरला.

भोंग्या उठला. "हटवतो त्याला."

"बस खाली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"बाई, झाकण वाजणार नाही."

"मला दिसतंय. उद्याही टेम्पो येणार आहे. परवाही येणार आहे. तू रोज हटवणार आहेस का?"

आई जवळ आली. टेम्पो आणि भिंतीच्या मधून हात घासत निघून गेली. झाकण मुकं राहिलं. तिचं पाऊल जरासुद्धा अडलं नाही. ती गल्ली सोडून पुढे गेली. पुढे चाळीस पावलांवर फाटक, आणि रस्त्यावरून एक बस सिग्नल देत वळायला लागलेली.

दादा उठला. "आई!" असं तोंडातून निघणार, तेवढ्यात मी त्याची बाही धरली. दोन्ही हातांनी.

"सोड! मरेल ती!"

"थांब."

"सोड म्हणतो ना!"

भार हवेत झुलत असला की खालची नवखी माणसं त्याला पकडायला धावतात. माणसं मरतात ती त्यानंच. झुलणाऱ्या भाराला हात लावायचा नसतो, त्याचा तो स्थिरावतो. हे मी दादाला समजावून सांगितलं नाही. वेळही नव्हता, आणि मला स्वतःला पटत होतं असंही नाही. बाही उसवल्याचा आवाज आला. मी सोडली नाही.

आई पंधरा पावलं पुढे गेली. वीस. मग थांबली. डोकं किंचित कलतं केलं. पुढे बसचं फुस्स झालं, आणि ते जवळ झालं. लॉन्ड्रीची गरगर मागे पडली होती. आई उभी राहिली, तिचे ओठ हलले. मोजत होती. मग भिंतीवरचा हात बदलला, सगळं अंग वळवलं आणि परत निघाली. बस तिच्या मागून सावकाश फाटकात शिरली.

दादा परत ओट्यावर बसला.

टेम्पोशी आल्यावर आईनं काठी रस्त्याच्या बाजूला फिरवली. काठी पत्र्यावर आपटली. पुन्हा आपटली. मग तिनं काठीनं टेम्पोच्या अंगावर असा ठणाणा सुरू केला की लॉन्ड्रीचं यंत्र ऐकू येईना. ड्रायव्हर धावत बाहेर आला.

"ओ आजी! गाडी फोडता काय?"

"तुझी गाडी माझ्या झाकणावर उभी आहे!"

"तुमचं झाकण?"

"नाहीतर काय तुझ्या बापाचं? हटव!"

ड्रायव्हरनं इकडेतिकडे बघितलं, काठी बघितली, तिचं तोंड बघितलं आणि मुकाट्यानं गाडी पुढे घेतली. आई पुढे झाली, पाय टाकला. खणकन वाजलं. ती वळली आणि पावलं मोजत गल्लीत शिरली.

बासष्टाव्या पावलाला ती शेजारच्या दारात होती, आपल्या नाही. एक दार चुकलं. तिनं नंबरावर बोटं फिरवली, जीभ चावली, मागे आली आणि रिकाम्या घराच्या पायरीवर बसली. आम्ही येईपर्यंत ब्रेडचा तुकडा मोडून खायला लागली होती.

दादा तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याची बाही खांद्यापासून लोंबत होती. "आई, तू चुकलीस," तो म्हणाला. रडवेला झाला होता. "दोनदा चुकलीस."

"चुकले. आणि परत आले. तूही पोरांना चुकल्यावर पुन्हा फळ्याशी उभं करतोस ना? का घरी पाठवतोस?" तिनं हात पुढे केला, तो त्याच्या फाटक्या बाहीला लागला. तिनं ती चाचपली. "हे कुणी केलं?"

"तुझ्या लेकीनं."

"चांगली धरली होती म्हणायची." मग माझ्या दिशेनं तोंड केलं. "टेम्पो रोज येतो का विचार. येत असला तर झाकणाच्या अलीकडे अजून एक खूण शोधावी लागेल. लॉन्ड्रीची खिडकी चालेल, वाफ लागते हाताला."

तळ्याकाठच्या एजंटला मी तिथूनच फोन केला. तो म्हणाला, मॅडम, एवढी शांत जागा परत मिळायची नाही. मी म्हटलं, मिळू नये.

दादा संध्याकाळी निघाला, एकटा. गाडीत बसण्याआधी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेला, त्या झाकणावर उभा राहिला आणि पायानं दाबून बघितलं. एकदा. मग परत एकदा, जोरात. वाजतंय याची खात्री करून घेतली.

सोमवारी मी शिडी चढले तेव्हा भोंग्या खाली उभा होता. "वरच्या बाई, दिसतंय का काही पश्चिमेला?"

पत्रा दिसत होता, डेपोची भिंत एक रेघ होऊन दिसत होती. माणूस दिसत नव्हतं. एवढ्या लांबून पांढरी साडी दिसणार नव्हतीच. मी डोळे ताणून बघत बसले होते हे त्याला न सांगता म्हटलं, "नाही."

"मग माल घ्या. सळई तयार आहे. डावीकडे, अजून, अजून."

मी पश्चिमेच्या काचेकडे पाठ केली आणि त्याचा आवाज ऐकायला लागले.